स्पेनच्या टूर काढणाऱ्या मराठी कंपन्यांना खुलं पत्र: जिब्राल्टरच्या वाटेवर जरा बोलोनियाला थांबा

नमस्कार टूरवाले मंडळी,

हे पत्र कुणा एका कंपनीला नाहीये. तुम्हा सगळ्यांची स्पेनची ब्रोशर्स शेजारी-शेजारी ठेवली तर लोगो सोडून फारसा फरक सापडत नाही. माद्रिद, तोलेदो, कॉर्दोबा, सेव्हिल, मग कोस्टा देल सोलला मुक्काम, ग्रनाडा आणि शेवटी बार्सिलोना. मधला एक दिवस जिब्राल्टर, तिथे माकडं, गुहा आणि मेन स्ट्रीटवरची ड्यूटी फ्री दुकानं. यात वाईट काही नाही, अल्हाम्ब्रा न बघता स्पेनहून परत येऊ नये हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं फक्त एका वळणाबद्दल आहे. सेव्हिलहून जिब्राल्टरला जाताना बस खेरेसवरून हायवेने सरळ अल्हेसिरासला उतरते. तीच बस वेखेरवरून समुद्राच्या बाजूने नेली तर तास-सव्वातास जास्त लागेल आणि वाटेत बोलोनिया म्हणून एक एवढंसं गाव लागेल, तिथे वाळूला अगदी चिकटून अख्खं रोमन शहर पडलेलं आहे, बाइलो क्लाउदिया. त्याला अर्धा दिवस द्या, एवढीच मागणी.

मी स्वतः तुमच्यासारख्याच एका ग्रुपबरोबर आधी स्पेन करून आलेले आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच या जागेचं नाव माहीत नव्हतं, टूर मॅनेजरलाही नसावं, कारण त्याने काहीही न दाखवता सोडलं असं झालं नाही, बिचारा पेट्रोल पंपाच्याही गोष्टी सांगायचा. पुढे भाची शिकायला कादिझला गेली, तिच्याकडे राहायला गेले तेव्हा ती म्हणाली मावशी चल तुला माशांचं शहर दाखवते, आणि मी म्हटलं मासे बघायला मला स्पेनपर्यंत यायची काय गरज. पण गेलो.

माशांचं शहर हे मात्र खरंच. आणि म्हणूनच मला वाटतं की आपल्या लोकांना ही जागा रोमच्या कलोसियमपेक्षा लवकर कळेल. कलोसियममध्ये ग्लॅडिएटर लढायचे, ठीक आहे, सिनेमात बघितलंय, फोटो काढला, पुढे. इथे मात्र गावाचं पोटच मासे खारवण्यावर होतं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हे गाव वसलं, समोर आफ्रिका, मधे चिंचोळा समुद्र. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर अटलांटिकमधले मोठमोठे टूना मासे अंडी घालायला भूमध्य समुद्रात शिरतात आणि त्यांना याच सामुद्रधुनीतून जावं लागतं, दुसरी वाटच नाही, सर्वात अरुंद जागी ती जेमतेम 14 किलोमीटर आहे. म्हणजे मासा स्वतःहून दारात येतो. जुन्या काळी उंचावर एक माणूस टेहळणीला बसायचा, थवा दिसला की खाली इशारा करायचा, मग होड्या जाळं घेऊन सुटायच्या आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ते ओढायचं. मालवणकडच्या कुणाला सांगा हे, तो म्हणेल अहो ही तर आमची रापण! फरक एवढाच की यांच्या जाळ्यात दोन-दोनशे किलोचं धूड यायचं. आजही त्या भागात बार्बाते, साहारा, कोनिल आणि तारिफा इथे मे-जूनमध्ये समुद्रात जाळ्यांचं मोठं कुंपण उभारून टूना पकडतात, त्याला अल्माद्राबा म्हणतात, आणि तुमच्या उन्हाळी सुट्टीच्या टूर नेमक्या तेव्हाच तिथे असतात.

आता अवशेषांत बघायचं काय, तर पहिल्यांदा त्या टाक्या. तुमचा गाइड बहुतेक आधी फोरम, म्हणजे गावचा मुख्य चौक, आणि देवळं दाखवायला नेईल, तसं करू नका, आधी खाली समुद्राकडे चला. तिथे जमिनीत बांधलेले हौद आहेत, काही चौकोनी, काही चक्क गोल, माणूस आत उतरला तर खांद्यापर्यंत बुडेल असे. आतून चुना आणि विटांच्या सुरखीचा गिलावा, पाणी झिरपू नये म्हणून, आणि तळाचे कोपरे गोलसर केलेले, म्हणजे घाण अडकत नाही आणि धुवायला सोपं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कोपरा घासून घासून वैतागलं असणार त्याशिवाय हे सुचत नाही. टूना आणायचा, डोकं-पर उडवायचे, तुकडे करायचे आणि या हौदात एक थर मासा एक थर मीठ असे रचून काही आठवडे ठेवायचे. मीठ लांबून आणायला नको, कादिझच्या खाडीत मिठागरं होतीच. उरलेली आतडी, रक्त, बारीक मासळी फेकायची नाही, तीही मिठात घालून उन्हात मुरत ठेवायची आणि त्यातून जो पातळ रस सुटेल तो गारुम. रोमन स्वयंपाकात मिठाच्या जागी बऱ्याचदा हेच घालायचे, आणि चांगल्या प्रतीचं गारुम तर अत्तराच्या भावाने विकलं जायचं. वासाची कल्पना तुम्हीच करा, भाची म्हणते म्हणूनच हे कारखाने गावाच्या खालच्या टोकाला, समुद्राकडे. मला ते पूर्ण पटलं नाही, मासा बंदराजवळच उतरवणार ना, पण असो.

त्या हौदांच्या आसपास देवमाशांची हाडंही सापडली आहेत. 2018 साली सामुद्रधुनीच्या परिसरातल्या अशा रोमन ठिकाणच्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात करडा देवमासा आणि राइट व्हेल निघाले, म्हणजे आज त्या भागातून साफ गायब झालेले देवमासे तेव्हा तिथे फिरत होते. रोमन लोक त्यांची शिकारही करत होते का यावर अभ्यासकांची चर्चा चालू आहे.

मग वर या. स्ट्राबो नावाचा ग्रीक भूगोलकार लिहून गेलाय की इथून लोक समोरच्या तिंगिसला, म्हणजे आजच्या टँजियरला जायला निघायचे आणि इथे व्यापार आणि मासे खारवण्याचे कारखाने होते. या पैशावर गाव असं सुधारलं की क्लॉडियस बादशहाच्या काळात त्याला नगरपालिकेचा दर्जा मिळाला आणि बादशहाचं नाव गावाला चिकटलं. मोठमोठ्या फरशांचा सरळ रस्ता, त्यावर बाजार, बाजाराच्या आत चौक आणि चौकाभोवती दुकानांचे गाळे. फोरमच्या वरच्या अंगाला ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांची तीन देवळं ओळीने, तिघांना वेगवेगळं. खालच्या बाजूला बॅसिलिका, म्हणजे तेव्हाचं कोर्ट, तिचे खांब पुन्हा उभे केलेत आणि त्यांच्यामधून निळा समुद्र दिसतो, फोटोवाल्यांची सोय तिथे आपोआप होते. तिथेच ट्राजन बादशहाचा पुतळा आहे, ती प्रतिकृती आहे, मूळ पुतळा कादिझच्या म्युझियममध्ये. हा ट्राजन सेव्हिलशेजारच्या इटालिकाचा, इसवी सन 53 चा जन्म, म्हणजे ज्या सेव्हिलमध्ये तुम्ही आम्हाला फ्लामेंको दाखवता त्याच्या वेशीवरचा पोरगा साम्राज्याचा मालक झाला होता, हे बसमध्ये सांगितलं तर लोक पुतळा जास्त लक्ष देऊन बघतील की नाही?

सगळ्यात आवडलं ते इसिसचं देऊळ. इजिप्तची देवी स्पेनच्या टोकाला, आधी तेच नवल. त्या देवळात शिशाचा एक पत्रा सापडलाय, त्यावर कुणीतरी इसिसला चक्क गाऱ्हाणं घातलंय की माझं अंथरूण-पांघरूण चोरीला गेलंय, नवीन पांढरं होतं, चोराला तू बघून घे. एवढं मोठं रोमन साम्राज्य, आणि माणूस रडतोय चादरीसाठी. मी आणि भाची तिथे उन्हात उभ्या राहून हसत होतो, शेजारचं जर्मन जोडपं बघायला लागलं की या बायकांना झालं काय. टूर मॅनेजरने ही एक गोष्ट जरी सांगितली ना तरी बसमधल्या मागच्या सीटवरच्या पोरांपर्यंत पोचेल.

डाव्या हाताला उतारावर थिएटर आहे, सुमारे दोन हजार माणसांचं, उन्हाळ्यात कधीकधी रात्री तिथे आजही नाटकं होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वर चढलं नाही तरी चालेल. भूकंपाच्या खुणा मात्र कुणाकडून चुकू देऊ नका. पहिल्या शतकाच्या मध्यावर एक भूकंप झाला, त्यातून गाव सावरलं, उलट आज दिसतं त्यातलं बरंच काही त्यानंतर नव्याने बांधलेलं आहे. तिसऱ्या शतकात पुन्हा झाला आणि त्यातून मात्र उठलं नाही, धंदाही तोवर मंदावला होता, हळूहळू माणसं कमी होत गेली आणि सातव्या शतकापर्यंत रिकामं झालं. काही ठिकाणी फरशा लाटेसारख्या वर-खाली झालेल्या दिसतात. मग वाऱ्याने वाळू आणून टाकली आणि 1917 साली पिएर पारी नावाच्या फ्रेंच माणसाने खणायला घेईपर्यंत गाव बरंचसं झाकलेलंच राहिलं.

आता तुमच्या अडचणी, कारण मला माहितीये तुमच्या ऑफिसमधून काय उत्तर येणार.

पहिलं उत्तर, आमच्या लोकांना दगड बघायचे नसतात. खरंय, काहींना नसतात. पण त्याच लोकांना तुम्ही पॉम्पेईला नेता, तिथे कुणी तक्रार करत नाही, कारण तिथे गोष्ट सांगितली जाते. इथे गोष्ट सांगायला मासे आहेत, समुद्र आहे आणि ज्यांना यातलं काहीच नको त्यांना शंभर पावलांवर बीच आहे, पांढरी वाळू, मागे एकही टॉवर नाही, कारण हा सगळा भाग नॅचरल पार्कमध्ये येतो. एका टोकाला तीस मीटरहून उंच वाळूची टेकडी आहे, पूर्वेकडचा वारा तिला ढकलत ढकलत मागच्या पाइनच्या झाडांत नेतोय, झाडं अक्षरशः गळ्यापर्यंत वाळूत बुडालेली दिसतात. पोरांना सोडा तिकडे, दमून येतील, रात्री हॉटेलात धिंगाणा नाही. आणि बीचवर गायी! तांबड्या रंगाच्या, रेतिंता जातीच्या, निवांत वाळूत बसून रवंथ करत असतात, कुणी हाकलत नाही. हवा स्वच्छ असेल तर समोर मोरोक्कोचे डोंगर दिसतात, आणि हे न चढता, न तिकीट काढता दिसतं.

दुसरं उत्तर, वेळ नाही. वेळ असतो हो. युरोपात बस ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते, तो नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तो ब्रेक हायवेवरच्या कॉफी शॉपमध्ये घालवण्याऐवजी इथे घाला. उरलेला दीड-दोन तास कुठून आणायचा ते मी सांगते, पण राग मानू नका. आमच्या टूरमध्ये एका दुपारी आम्हाला चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात नेलं होतं, डेमो झाला, सरबत झालं, आणि बाहेर पडेपर्यंत दुपार संपली. ती दुपार मला परत द्या. अर्थात दोष सगळा तुमचा नाही, आमच्यातच अशा होत्या की त्या दुकानातून चार पर्स घेऊन बाहेर आल्या आणि रात्री जेवताना म्हणाल्या आजचा दिवस सगळ्यात छान. त्यांना जिब्राल्टरची मेन स्ट्रीट आहेच की.

तिसरं, जेवण. नॉनव्हेजवाल्यांची तर चंगळ, त्या पट्ट्यात टूना ताजा मिळतो आणि मोहामा म्हणून खारवून सुकवलेला टूना पातळ चकत्या करून वर ऑलिव्ह तेल घालून देतात, म्हणजे हौदांतला जुना धंदा अजून ताटात आहे. व्हेजवाल्यांसाठी सेव्हिलहूनच पॅक घ्या. पालक आणि छोल्यांची एक भाजी सेव्हिलकडे सगळीकडे मिळते, ती आपल्या लोकांना जाते, बरोबर ठेपले असतातच. बोलोनियाला थोडी रेस्टॉरंट्स आहेत पण एक बसभर माणसं न सांगता आत घुसली तर त्यांची तारांबळ होईल, आणि बाकीच्यांची शांतता जाईल. जैन जेवण तिथे मागू नका प्लीज.

चौथं, आणि हे उत्तर खरं तर तुमचं नसून आमच्या प्रवाशांचं आहे, की याचा आपल्याशी काय संबंध. पुद्दुचेरीजवळ अरिकामेडू आहे ना, तिथे उत्खननात रोमन जगातून आलेल्या मातीच्या उंच सुरया सापडल्या, अ‍ॅम्फोरा. बहुतेक दारूच्या, पण त्यात दक्षिण स्पेनकडच्या माशांच्या सॉसच्याही ओळखल्या गेल्यात. हीच ती सॉस, याच किनारपट्टीवरची, बाइलोचीच असं मी म्हणत नाही, पण याच धंद्यातली. इथून भूमध्य समुद्र, मग इजिप्त, मग लाल समुद्र, मग मान्सूनच्या वाऱ्यावर भारत. आपल्या बाजूलाही तेव्हाची बंदरं होती, पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या खलाशांच्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावं आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती निघाली, ती तिथल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. तुमच्या टूरमध्ये कोल्हापूरचं एक तरी कुटुंब असतंच, त्यांना विचारा बघितलीय का. बहुतेकांनी नसेल बघितली, मग जरा गप्पा होतील बसमध्ये, अंताक्षरी एक दिवस राहिली तरी काय बिघडतं.

आता मलाच एक भीती आहे ती सांगते. तुम्ही हे वाचलंत, तुम्हाला पटलं आणि तुम्ही ब्रोशरमध्ये छापलंत बोलोनिया फोटो स्टॉप, 20 मिनिटं, तर कृपा करून नेऊच नका. मी गेले तेव्हा त्या सगळ्या शहरात मोजकी माणसं होती, वाऱ्याचा आवाज एवढा की बोलायलाही जवळ यावं लागत होतं, आणि त्या वाऱ्यात ते हौद, ते गाळे बघताना जे कळतं ते घाईत कळत नाही. बस पार्किंगला लावा, लोकांना सांगा की व्हिडिओ कॉल करायचे ते बसमध्येच आटोपा, मेगाफोन घेऊ नका, कानात घालायचे ते व्हिस्पर सेट तुमच्याकडे असतातच. रोमन भिंतीवर बसून फोटो नको. ग्रुप मोठा असेल तर दोन भाग करा, अर्धे आधी बीचवर, अर्धे अवशेषांत, मग अदलाबदल. जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच, तेव्हा निम्मं स्पेन त्या बीचवर असतं आणि गावातल्या त्या अरुंद रस्त्यावर बस वळवताना ड्रायव्हर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करेल. एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर बेस्ट. टोपी दोरीची आणायला सांगा, वारा सुटला की साधी टोपी थेट मोरोक्कोला.

खर्चाचं म्हणाल तर हसाल, युरोपियन युनियनच्या नागरिकांना फुकट आणि आपल्यासारख्यांना मी गेले तेव्हा दीड युरो होतं. दीड! जिब्राल्टरच्या केबल कारचा भाव आठवा. म्युझियमची इमारत नवी आणि चांगली आहे, 2007 पासूनची, आत टॉयलेट्स आहेत, जी माझ्या वयाच्या प्रवाशांसाठी कुठल्याही पुतळ्यापेक्षा महत्त्वाची बाब आहे.

सोमवारी बंद असतं आणि रविवारी दुपारनंतरही सहसा बंद, म्हणजे सेव्हिलचा मुक्काम त्या हिशोबाने मागे-पुढे करावा लागेल. वेळा सीझनप्रमाणे बदलतात, आधी फोन करून घ्या. इंग्लिश बोलणारा लोकल गाइड हवा असेल तर तोही आधी ठरवावा लागेल, दारात उभे नसतात. पुढच्या मे महिन्याचं ब्रोशर छपाईला जायच्या आत कुणी एकाने जरी हा रूट टाकला तर मला कळवा, मी माझ्या भिशी ग्रुपमधल्या सहा जणींची नावं द्यायला तयार आहे, त्यातल्या दोघी शुद्ध शाकाहारी आहेत हे आत्ताच सांगून ठेवते.

आपली,
तुमचीच एक जुनी प्रवासी